फोन फडात जातो तेव्हा

दिवाळीचा फराळ संपायच्या आत बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्यांवरची बिऱ्हाडं ट्रॅक्टरवर चढतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज... मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोड टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. हंगामी वसतिगृहामुळे काही मुलं आजीजवळ गावातच राहतात. बाकीची कोयत्यामागे जातात. शिक्षक आणि समाजमाध्यमं हा यंदाच्या अंकाचा विषय आम्ही निवडला तो या मुलांसाठी.

शिक्षक मोबाइलला नाक मुरडतात, असं सर्रास बोललं जातं. आम्हाला ते पटत नाही. २०२० साली शाळांना कुलूप लागलं तेव्हा 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हे याच शिक्षकांनी निभावलं. व्हॉट्सॲपवरच्या 'स्वाध्याय' चाचण्या त्याच वर्षी आल्या. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी ओळखले जाणारे सोलापूर जिल्ह्यातले रणजितसिंह डिसले गुरुजी जगभर गौरवले गेले, तेही त्याच वर्षी. आणि माध्यमाचं सोवळं या मातीत होतं कधी? अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पंचीकरण समजावायला लांबलचक कापडाची पासोडी लिहून काढली!

शिक्षक विटले आहेत ते हुकमांना. गट उघडला की 'माहिती आजच पाठवा', 'लिंक भरा', 'फोटो टाका'. त्याच पडद्यावर त्यांनी उमेदीनं धडाही घ्यावा, ही अपेक्षा जाचक आहे.

ऊसतोड कुटुंबात बहुधा फोन एकच, आणि तो बापाच्या खिशातून फडात जातो. दुपारी पाठवलेला व्हिडिओ मुलाला रात्री कोपीवर दिसतो, तोही चार्जिंग उरलं तर. तिथे गुरुजींच्या ओळखीच्या आवाजातला दोन मिनिटांचा निरोप जास्त कामाचा.

त्याहून मोठं काम शिक्षकांच्या आपसात आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळतं. पण कागद तो कागद, टोळीच्या धावपळीत हरवू शकतो. त्याच्या जोडीला वडवणीच्या बाईंनी कारखान्याजवळच्या शाळेतल्या सरांना थेट कळवावं : मुलगी येतेय, तिसरीत आहे, वाचते छान, हातच्याच्या वजाबाकीत अडते. यासाठी गावाकडच्या आणि कारखाना पट्ट्यातल्या शिक्षकांचे तालुकावार गट पुरेत. शिक्षण विभागानं ते जुळवून द्यावेत आणि माहिती मागवणारे गट तेवढेच कमी करावेत. गळीत हंगाम तोंडावर आहे, त्यामुळे हे काम याच महिन्यात व्हायला हवं.