दुखणे गुडघ्याचे, तपासा डोळेही!

संधिवात म्हटला की आजी-आजोबांचे गुडघे आठवतात. परंतु हा विकार दोन-तीन वर्षांच्या मुलालाही होतो. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते आणि सांधे सुजतात. पहिल्या 6 महिन्यांत 4 किंवा त्याहून कमी सांधे सुजले, तर तो या विकाराचा मोजक्या सांध्यांचा प्रकार. यात बहुधा गुडघा सापडतो.

यावर उपचार आहेत : सूज उतरवणारी औषधे, सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन, गरज पडल्यास मेथोट्रेक्सेट आणि जोडीला व्यायाम. मूल पुन्हा धावू लागते आणि घरच्यांना वाटते, सुटलो! माझ्या मते खरा धोका इथेच आहे.

कारण याच विकारात डोळ्याच्या आतही दाह होऊ शकतो. डोळा लाल होत नाही, दुखतही नाही. दृष्टी मात्र हळूहळू अधू होऊ शकते. सुरुवातीला हा दाह नेत्रतज्ज्ञाच्या स्लिट लॅम्पखालीच दिसतो. वेळीच कळला, तर औषधांनी आटोक्यात ठेवता येतो. म्हणून लहान मुलांची ही तपासणी साधारणपणे दर 3 महिन्यांनी करतात. गुडघा बरा झाला तरीही!

तक्त्यावरची अक्षरे वाचता आली, म्हणजे डोळे निरोगी, असे येथे समजू नये. शिक्षकांनी अशा मुलाला तपासणीसाठी आनंदाने रजा द्यावी. आणि मित्रांनो, वर्गात कोणी सकाळी लंगडत येत असेल, तर त्याला हसू नका. 'डोळे तपासलेस का?' एवढे मात्र विचारा.