कानबाईला चुना, रंग होळीनंतर

गेल्या वर्षी आषाढ सरताना सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका रो-हाउसमध्ये गेलो होतो. आपलाच एक वाचक, शिंदखेड्याकडचा तरुण रंगारी, सोबत होता. घर तळमजल्याचं, एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक. त्या भिंतीचा रंग जमिनीपासून तीन फुटांपर्यंत फुगलेला, ताटलीएवढे पोपडे लोंबत होते. घरच्या ताईंचं म्हणणं एकच होतं: पंधरा दिवसांवर कानबाईचा सण आला, तोवर घर नवं दिसलं पाहिजे. रंगाऱ्याने मान डोलावली, पत्तीने खरवडून घेतलं आणि पुट्टीची गोणी फोडायला निघाला. मी त्याला थांबवलं आणि एक पोपडा तळहातावर उलटा ठेवला. पोपड्याच्या पाठीला पुट्टी होती, पुट्टीला गिलाव्याची वाळू चिकटलेली आणि वाळूवर पांढरी, मऊ लव. जिभेला लावली तर खारट.

रंगारी मित्रांनो, पोपड्याची पाठ वाचायला शिकलं पाहिजे. नुसता रंग कागदासारखा निघाला आणि पाठ पिठाळ असेल, तर खाली जुना डिस्टेंपर, चुना किंवा धूळ राहिली आहे. पांडेसऱ्यात बाहेरच्या भिंतींचं दुखणं बहुधा हेच असतं. जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या डाइंग-प्रिंटिंग मिलच्या बॉयलरांची राख भिंतीवर बसते आणि आपण ती न धुता वरून हात मारतो, म्हणजे रंग राखेला चिकटतो, भिंतीला नाही. पुट्टीसकट निघाला तर पुट्टी कच्ची राहिली किंवा ओल्या भिंतीवर चढवली. आणि वाळूसकट निघाला, तर कितीही महाग रंग आणा, तो टिकणार नाही. तिथे गिलावाच फुटलेला आहे.

हा लोणा. जमिनीतली ओल विटांतून वर चढते, येताना क्षार घेऊन येते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहून त्याचे खडे होतात. भिंत उघडी असेल तर ते बाहेर फुलतात आणि झाडून टाकता येतात. वर प्लास्टिक रंगाचा पापुद्रा असेल तर ते आतल्या आत वाढतात आणि गिलाव्याला फोडून रंग पुढे ढकलतात. त्यावर आपण आणखी घट्ट सिमेंटची पुट्टी घालतो किंवा खाली टाइल्स लावतो. वाट बंद झालेली ओल मग आणखी फूटभर वर चढते. पुढच्या वर्षी गिऱ्हाईक रंगाच्या कंपनीला नावं ठेवतं आणि आपल्यालाही.

आता कानबाईबद्दल. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी ही देवी बसते, आणि त्याआधी घर उजळून घ्यायची खानदेशाची रीत आहे. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, जिथे जिथे जळगाव-धुळे-नंदुरबारची माणसं आली तिथे ती रीतही आली. ती चुकीची आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण गावाकडे ती धाब्याच्या घरांत रुजली. मातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचा पोतारा नाहीतर चुना. भर पावसात पोतारलं तरी भिंत श्वास घेत राहायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा हात फिरायचा. सुरतेत रीत तीच राहिली, पण मातीच्या जागी सिमेंट आलं आणि पोताऱ्याच्या जागी इमल्शन. वर्षातली सगळ्यांत ओली भिंत आपण सगळ्यांत बंद रंगाने झाकतो.

म्हणून माझं सांगणं असं, की ज्या भिंतीला ओल आहे तिला कानबाईसाठी चुनाच द्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगडासारखा होतो, आणि त्यासाठी त्याला थोडी ओल हवीच असते. जिथे इमल्शन हरतं तिथेच तो जमतो. कळीचा चुना आदल्या दिवशी विरवा, गाळा, डिंक घाला आणि पातळ तीन हात द्या. चुन्यात मीठ टाकायची जुनी सवय काहींना आहे. लोण्याच्या भिंतीवर ती सोडा, तिथे मीठ आधीच पुष्कळ आहे. आणि लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतला तर विरघळून परत आत जातो.

यावर तुमची अडचण मला ठाऊक आहे. चुन्यावर इमल्शन धरत नाही, मग पुढे चुना खरवडायचा कोणी? आपणच. ती मजुरी पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात वेगळी लिहा आणि गिऱ्हाइकाला दाखवा. लपवली तर कामात चोरी होते, आणि चुन्यावर मारलेलं इमल्शन ही पोपडे सुटण्याची दुसरी हमखास वाट आहे.

खरी दुरुस्ती होळीनंतर. ओलीची रेघ जिथे संपते तिच्यावर दीड फुटापर्यंत गिलावा विटांपर्यंत तोडा, सांधे अर्धा इंच खोल कोरा आणि विटा उघड्या राहू द्या. इंचभर जाडीला महिना, हा भिंत सुकण्याचा ढोबळ हिशेब आहे. २००६ चंच बघा: ऑगस्टमध्ये सुरतेत तापीचा पूर आला आणि दिवाळी होती २१ ऑक्टोबरला. पुरात भिजलेली नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी सुकली तरी तेवढ्यात कोरडी होणं शक्य नव्हतं. भिंत सुकल्यावर करायच्या नव्या गिलाव्याला खारट बोअरचं पाणी वापरू नका. सात दिवस पाणी मारा, एकूण २८ दिवस थांबा. मग दीड फूट चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवा. सकाळी आत थेंब दिसले तर अस्तराचा डबा उघडायचा नाही.

दारं-खिडक्यांच्या जुन्या ऑइलपेंटबद्दल मात्र हात जोडून सांगतो. घरगुती रंगातलं शिसं दहा लाखांत ९० भागांवर आणणारे नियम २०१६ चे आहेत. ते लागू होण्याआधीचा रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर ओला करून घासा, चिंध्या पसरा, कचरा बांधून न्या. ती धूळ आधी तुमच्या छातीत जाते, मग खाली रांगणाऱ्या पोराच्या तोंडात.

पांडेसऱ्यातल्या त्या घरी तीन हात चुना बसला. कानबाई पांढऱ्या भिंतीपुढे बसली आणि ताईंची काही तक्रार राहिली नाही. फाल्गुनात गिलावा तोडला तेव्हा खालच्या चार रद्द्यांच्या विटा सगळीकडे सारख्याच दमट होत्या, एका कोपऱ्यात मात्र हाताला पाणी लागलं. रंगारी शेजारी गेला. भिंतीच्या त्या बाजूला मोरी होती आणि मोरीच्या नळाचा सांधा गळत होता. शेजाऱ्याने त्याच संध्याकाळी तो बदलून घेतला.