वजनाची रेघ चढती आहे का?

गेल्या गाळप हंगामात ऊसतोडणीला आलेली एक बाई दहा महिन्यांचा मुलगा घेऊन पाटसच्या माझ्या दवाखान्यात आली. ‘‘डाक्टर, दोन दिस जुलाब हायेत. बाकी काय न्हाय, वजन वाढतंय त्याचं,’’ म्हणाली आणि पिशवीतून जपून ठेवलेले कार्ड काढले.

कार्डावर एकच टिंब होते : सहाव्या महिन्यात गावी, ७.४ किलो. आमच्या काट्यावर भरले ७.८. दुसरे टिंब पहिल्याच्या वर आणि दोन्ही हिरव्या पट्ट्यात. मग चिंता कशाची?

चिंता होती. सहाव्या ते दहाव्या महिन्यात मुलगा साधारण सव्वा किलो वाढतो. हा ४०० ग्रॅमच वाढला होता. खोदून विचारले तेव्हा कळले, की खोपीवर आल्यापासून दोनदा जुलाब झाले होते आणि महिनाभर बाळ पातळ वरणाच्या पाण्यावरच होते. मधल्या काळात वजन घटले असेल, निदान थबकले असेल. दोन टिंबे जोडणारी सरळ रेघ तेवढेच लपवते. तुकोबांची पालखी फक्त पाटसला आणि उंडवडीला पाहिली, तर मधला रोटी घाट कसा दिसणार?

म्हणून मातांनो, दर महिन्याला वजन करा. शक्यतो एकाच काट्यावर, कमीत कमी कपड्यांत. लगतची टिंबे जोडा. प्रत्येक तुकडा वर चढला, तरच रेघ चढती. एखादा तुकडा आडवा किंवा उतरता असेल, तर बाळ हिरव्या पट्ट्यात असले तरी दाखवायला आणा. रेघ चढती असूनही कार्डावरच्या छापील रेघेपेक्षा मंद चढत असेल, तरीही आणा. अपवाद एकच : जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते. दोन आठवड्यांत ते भरून आले पाहिजे.

पट्टा सांगतो बाळ आज कुठे आहे. रेघ सांगते ते कुठे चालले आहे. आपण मात्र रंग पाहून समाधान मानतो. अंगणवाडी योजना १९७५ साली सुरू झाली. आज वजनाची नोंद मोबाईलमध्ये होते, हे चांगलेच. पण आईच्या हातातले कार्ड कोरे राहू नये. आणि ऊसतोडणीच्या मुलांचे वजन जिथे खोप पडली तिथल्याच अंगणवाडीत दरमहा झाले पाहिजे. ज्या महिन्यांत धोका जास्त, त्याच महिन्यांची टिंबे त्यांच्या कार्डावर नसतात.

त्या मुलाला क्षारसंजीवनी आणि चौदा दिवस झिंक दिले. आईला सांगितले, अंगावरचे दूध चालू ठेवा, मऊ भातात घट्ट वरण आणि चमचाभर तेल घाला, दिवसातून चार-पाच वेळा भरवा. पट्टा उठण्याआधी ती पुन्हा आली. काटा ८.१ वर थांबला. टिंब मी तिलाच काढायला लावले.