भूल वेगळी, वेदनाशामक वेगळे

घरात कुत्री पाळली की तिचे माजावर येणे, दारात जमणारी कुत्री आणि नंतर पिलांचे काय करायचे हा घोर लागतोच. त्यावर कायमचा उपाय म्हणजे ऑपरेशन. ते ठरवताना आपण खर्च विचारतो, टाके कधी काढायचे ते विचारतो. तिला दुखू नये म्हणून काय देणार, हे मात्र विचारायचे राहून जाते.

हे ऑपरेशन किरकोळ नाही. पोट उघडून दोन्ही अंडाशये आणि बहुधा गर्भाशयही काढतात. अंडाशयाला धरून ठेवणारा बंध ओढताना सर्वांत जास्त वेदना निर्माण होते. भुलेमुळे कुत्रीला शुद्ध नसते, पण शरीर वेदनेचे संदेश मज्जारज्जूकडे पाठवतच राहते. आयसोफ्लुरेनसारखा वायू झोपवतो, दुखणे थांबवत नाही. केटामाइन किंवा झायलाझिन यांनी दुखणे दबते, पण थोडाच वेळ. संदेशांचा मारा चालू राहिला की मज्जातंतू हळवे होतात आणि शुद्धीवर आल्यावर नुसता हात लागला तरी दुखते. म्हणून वेदनाशामक चिरा देण्याआधीच दिलेले चांगले. भुलेआधी शांत करणाऱ्या औषधासोबत अफूवर्गातले इंजेक्शन, चिऱ्याच्या जागी लिग्नोकेन आणि मेलॉक्सिकॅमसारखे सूज उतरवणारे औषध अशी सांगड घालता येते. घरी आल्यावर साधारण तीन ते पाच दिवस औषध चालू ठेवावे लागते.

आपल्या भागात मुधोळ कुत्री पाळणारी घरे आहेत. ही जात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळची, सडपातळ, अंगावर चरबी जवळजवळ नाही. अशाच बांध्याच्या ग्रेहाउंडमध्ये थायोपेंटोनची भूल फार उशिरा उतरते, हे सिद्ध झाले आहे. तेव्हा जात कोणती हे डॉक्टरांना आधीच सांगावे आणि शुद्धीवर येईपर्यंत तिला उबेत ठेवावे.

'थोडे दुखले तर ती गप्प पडून राहील, टाके सुटणार नाहीत,' असे जुनी मंडळी म्हणत. प्रत्यक्षात दुखणारी कुत्री अस्वस्थ होते, जखम चाटत बसते, खात नाही. आपण मराठीत 'दुखतंय' म्हणतो, कन्नडमध्ये 'नोवु'. तिला यातले काहीच सांगता येत नाही. तिच्या वागण्यावरूनच ओळखायचे. पाठ कमानीसारखी करून उभे राहणे, पुढचे पाय वाकवून मागचा भाग वर धरणे, थरथरणे, झोप न लागणे, पोटाला हात लावताच गुरगुरणे किंवा कोपऱ्यात तोंड घालून बसणे ही दुखण्याची चिन्हे. गप्प आहे म्हणजे बरी आहे असे नव्हे. ग्लासगो विद्यापीठाच्या पद्धतीत डॉक्टर आवाज, चाल, स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद अशा गोष्टींना गुण देतात. २४ पैकी ६ किंवा जास्त गुण झाले की आणखी वेदनाशामक द्यायचा विचार करतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. घरातल्या डब्यातली आपली गोळी तिला देऊ नका. ब्रुफेन किंवा कॉम्बिफ्लाममधले आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक ठरते. डॉक्टरांनी दिलेले औषधही वजनानुसार आणि खाल्ल्यानंतरच द्यावे. उलट्या झाल्या किंवा शौच काळे झाले तर गोळी थांबवून लगेच फोन करावा.

ऑपरेशनची तारीख घेताना हे चार प्रश्न विचारा :

१. वेदनाशामक चिऱ्याआधी देणार की नंतर?
२. भूल कोणती आणि ती उतरेपर्यंत तिच्याजवळ कोण असेल?
३. घरी किती दिवस, कोणते औषध द्यायचे?
४. किती तास उपाशी ठेवायचे आणि पाणी कधी बंद करायचे?

चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. वेदनाशामकाचा खर्च ऑपरेशनच्या मानाने थोडा असतो. तो वाचवला तर त्याचा त्रास तिलाच होतो, आणि तिला तक्रार करता येत नाही.