अभ्यासक्रमात शिकागो आहे, आर्थर रोड नाही

एका महाविद्यालयात समाजशास्त्राच्या मुलांशी बोलायला गेलो होतो. महाराष्ट्राच्या तुरुंगांत मुसलमानांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त का, असं विचारलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, त्यांच्यात गुन्हेगारी जास्त असते." कुणी दचकलं नाही. फळ्यावर माझं नाव लिहिलेलं होतं.

त्या मुलावर मी रागावलो नाही. राग आहे तो शिकवणाऱ्यांवर. याच वर्गात क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके शिकवून झाले होते, शिकागो शहराची वर्तुळं मुलांनी वहीत सुबक काढली होती. पण त्या दोघांनी 1942 च्या पुस्तकात दाखवलं काय? काही वस्त्यांत बालगुन्हेगारी वर्षानुवर्षं चढीच राहिली, तिथं राहणारे स्थलांतरितांचे समूह मात्र बदलत गेले. म्हणजे दोष रक्तात नव्हता, वस्तीच्या हालांत होता. परीक्षेत वर्तुळं येतात, हा निष्कर्ष येत नाही.

आणि घरचं संशोधन? टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी महाराष्ट्रातल्या तुरुंगांत जाऊन मुस्लिम कैद्यांशी बोलून अभ्यास केला. 2013 साली त्यावरचा लेख 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. बहुतेकांचा गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध नव्हता, असं त्यांना आढळलं. वर्ग घेणाऱ्या प्राध्यापकांना हा अभ्यास ठाऊकच नव्हता. (आमचे पुढारी तरी कुठं वाचतात? निवडणुकीच्या सभेत टक्केवारी फेकली की त्यांचं काम झालं.)

संशोधनामुळे अध्यापन घडतं, असं विद्यापीठं अभिमानानं सांगतात. घडतंच. पण कुणाच्या संशोधनामुळे? 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा करणाऱ्या साहेबांनाही आपण शास्त्रीय बोलतोय असंच वाटत होतं. तो कायदा 1952 साली गेला, तरी चोरी झाली की आधी पारध्यांचा पाल शोधला जातो. त्या मुलाचं उत्तर त्याच शाळेतलं.

2022 च्या अखेरीस देशातल्या कैद्यांपैकी 75.8 टक्के कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. तुरुंगातली डोकी मोजून पोलिसांनी कुणाला उचललं आणि जामिनाला पैसे कुणाकडे नव्हते, एवढं कळतं. कुठली जमात गुन्हेगार, हे कळत नाही. गुन्हेशास्त्राच्या पहिल्याच तासाला हे सांगायला हवं.

प्राध्यापकहो, पुढच्या सत्रात त्या एका लेखाला एक तास द्या. लोंब्रोसोच्या कवट्या तेवढा वेळ थांबतील.