अठरा पूर्ण झाले, आता झोपायचे कुठे?

वारंगा फाट्यावरून एक रस्ता नांदेडला जातो, एक कळमनुरीमार्गे हिंगोलीला, एक उमरखेडकडे. अशा फाट्यांवर हॉटेलात कपबशा धुणारा पोरगा तिथेच मागे झोपतो. काम सुटले की छप्परही सुटते. त्याला आपण बेघर म्हणत नाही. कामाला लागला म्हणतो.

बालगृहातून 18 व्या वर्षी बाहेर पडणाऱ्याचेही असेच होते. कायदा नाही असे नाही. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 46 मध्ये त्याच्यासाठी मदतीची तरतूद आहे, वयाच्या 21 पर्यंत. महाराष्ट्राने 2018 मध्ये अनाथांना 1 टक्का आरक्षणही दिले. पण अनुरक्षण महिला व बालविकासकडे, आयटीआय कौशल्य विभागाकडे, वसतिगृह तिसरीकडे, रेशनकार्ड तहसीलात. प्रत्येक खिडकी पत्ता मागते, आणि नेमका तोच नसतो.

कोविडमध्ये पालक गमावलेल्या मुलांसाठी 2021 मध्ये 'मिशन वात्सल्य'खाली तहसीलदारांच्या अध्यक्षतेत तालुका समित्या झाल्या. वेगवेगळी खाती एका टेबलावर आली. कळमनुरीत तशीच समिती या तरुणांसाठी बसावी, आणि मूल संस्थेतून निघण्याच्या सहा महिने आधी बसावी. नंतर शोधायचे कुठे?

आपलेही थोडे चुकते. यतीम म्हटले की लहान लेकरू डोळ्यांसमोर येते, एकोणीस वर्षांचा दाढी फुटलेला पोरगा नाही. जकातीतून वह्या-दप्तरे देतो, चांगलेच आहे. खोलीचे डिपॉझिट आणि एक जामीनदारही मशीद कमिटीने द्यावा. नांदेडला खोली पाहायला गेले की घरमालक आधी विचारतो, "कोणाचा मुलगा?"