कंट्रोल कोणते घेतले होते?

‘मोबाइलमुळे मुलं दुःखी होतात, संशोधनात सिद्ध’ अशी बातमी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून येतेच. हल्ली मी वाद घालत नाही. एवढंच विचारते: कंट्रोल कोणते घेतले होते?

हा फाटे फोडणारा प्रश्न नाही. मोबाइलवर जास्त वेळ असणारी मुलं इतर बाबतींतही वेगळी असू शकतात. घरची कमाई, आईचं शिक्षण, आईवडिलांशी नातं. रिग्रेशनमध्ये या गोष्टी ‘कंट्रोल’ करायच्या म्हणजे त्या बाबतींत सारख्या असलेल्या मुलांची तुलना करायची. पण यादीत काय घ्यायचं हे संशोधक ठरवतो. यादी बदलली की उत्तर बदलू शकतं, आणि आपल्यापर्यंत मात्र एकच उत्तर पोचतं.

२०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्शिबिल्स्की यांनी ही झाकली मूठ उघडली. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या ३ लाख ५५ हजार किशोरवयीनांच्या माहितीवर त्यांनी हजारो रिग्रेशन चालवली. सगळी उत्तरं लहानापासून मोठ्यापर्यंत ठिपक्यांनी मांडली आणि कोणता ठिपका कोणत्या निवडींतून आला, त्याच्या खुणा खाली दाखवल्या. एकट्या ब्रिटिश सर्वेक्षणातून ६० कोटींहून जास्त प्रकारे हिशेब मांडता येत होता! निष्कर्ष असा की मुलांच्या मानसिक स्वास्थ्यातल्या फरकांपैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध स्क्रीनशी जोडता येतो.

म्हणजे मोबाइल निर्दोष? तसं मी म्हणत नाही. जीन ट्वेंगी, जोनाथन हाइट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये आक्षेप घेतला: टीव्ही आणि सोशल मीडिया एका पारड्यात का? मुली आणि मुलगे एकत्र का? कंट्रोलचाही प्रश्न आहेच. मोबाइलमुळेच आईवडिलांशी बोलणं तुटत असेल, तर ते नातं ‘कंट्रोल’ केल्यावर नुकसानीचा तेवढा भाग हिशेबातूनच पुसला जातो. कोटी ठिपके काढले तरी चुकीचा कंट्रोल बरोबर ठरत नाही.

पण हे भांडण मुद्द्यावर होऊ शकलं, कारण निवडी समोर मांडलेल्या होत्या. एकट्या आकड्याशी भांडता येत नाही. त्यावर एकतर विश्वास ठेवायचा, नाहीतर तो झटकून टाकायचा. आपल्या वयाच्या सगळ्यांबद्दल निकाल देणाऱ्यांनी आम्हाला तो एक ठिपका दाखवून गप्प करू नये. सगळा आलेख दाखवा, आणि प्रत्येक कंट्रोल का घेतला तेही सांगा. तोवर ग्रुपवर माझा तोच प्रश्न येत राहील.